फ्रीमेसन होताना माझं पाठांतर कुठे चुकलं

गेल्या महिन्यात आमच्या लॉजमधला, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघाच्या शाखेतला, एक तरुण भाऊ (आम्ही सभासद एकमेकांना भाऊच म्हणतो) दुसऱ्या पायरीच्या, म्हणजे सभासदत्वाच्या तीन टप्प्यांपैकी दुसऱ्याच्या, संध्याकाळी जिन्यात उभा राहून फोनमध्ये बघत पुटपुटत होता. माझ्या पोटात गोळा आला. मीही असाच उभा होतो.

प्राथमिक माहिती तुम्ही वाचलेली असणार. पुरुष, वय 21 पूर्ण, परमेश्वरावर श्रद्धा. कोणत्या रूपावर, हे कोणी विचारत नाही. पैसे भरा आणि मेसन व्हा, असं इंटरनेटवर सांगणारा सरळ फसवतोय. प्रस्तावक, अनुमोदक, मुलाखत, गुप्त मतदान हाच रस्ता आहे. धंद्याच्या ओळखी वाढवायच्या असतील तर कृपा करून येऊ नका. वर्गणी, जेवणाचा खर्च, काळा सूट हे सगळं घरी आधी सांगा. बायकोपासून लपवून कोणी येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी आलो ते मुंबईत फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलची एक गोष्ट ऐकून. ही इमारत 1897 सालची. त्याच्या किती तरी आधी माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या लॉजने नाकारलं होतं. ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. मग 1843 मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश मेसनच्या पुढाकाराने मुंबईतच 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं, भारतीय माणसांना आत घेणारं. आज काळ्यापांढऱ्या चौकटींच्या फरशीवर वेदीपाशी गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब, अवेस्ता शेजारी शेजारी असतात. मी गीतेवर शपथ घेतली. माझ्या पुढच्याने कुराणावर.

आता मुद्द्याचं. दुसरी पायरी मिळण्याआधी भर सभेत ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरं द्यावी लागतात. आमचा विधी इंग्रजीत, तेही जुन्या वळणाच्या. माझी शाळा मराठी माध्यमाची. मला धास्तीच बसली. लॉजमध्ये विचारायची लाज वाटली म्हणून मी इंटरनेटवरून एक संहिता उतरवली आणि बदलापूर लोकलमध्ये महिनाभर घोकली. ती अमेरिकेतली निघाली. विधीची भाषा देशागणिक, कधी कधी लॉजागणिक बदलते, हे मला माहीतच नव्हतं.

त्या संध्याकाळी तिसऱ्या प्रश्नाला मी भलतंच उत्तर दिलं. शेजारी उभा असलेला डीकन, म्हणजे विधीत उमेदवाराच्या सोबत राहणारा लॉजचा अधिकारी, हळूच आठवण करून देत होता, ते त्याचं कामच असतं. पण त्याचे शब्द आणि माझ्या डोक्यातले शब्द वेगळे. त्यामुळे तो सांगत असूनही मला काही पकडता येईना. लक्षात घ्या, पाठांतर कच्चं असेल तर डीकन सांभाळून घेतो. चुकीचं पक्कं असेल तर तोही काही करू शकत नाही. उरलेली उत्तरं मी त्याच्या मागून एकेक शब्द म्हणत दिली. हातमोज्यांत हात घामाने भिजले होते.

कोणी रागावलं नाही. पायरी मिळाली. तुम्हालाही मिळेल, त्यासाठी झोप उडवू नका.

तिसऱ्या पायरीआधी एका वयस्कर पारशी भावाने मला इराण्याकडे बसवलं. "दिकरा, आधी मला मराठीत सांग, याचा अर्थ काय?" एका चहाला एक उत्तर. अर्थ लागला की इंग्रजी आपोआप बसायचं. गुरू असा धरावा. चिन्हांचे गूढ अर्थ तासभर सांगणारे पुष्कळ भेटतात. तुमचं अडखळणं शांतपणे ऐकून घेणारा शोधा.

आणि पायऱ्यांची घाई नको. आमच्याकडे सभेच्या शेवटी दानाची पिशवी फिरते. मूठ झाकून आत घालायची, कोण किती टाकतं ते दिसत नाही. त्यातून कोणाची शाळेची फी जाते, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या पिशवीसाठी पहिल्या पायरीवरचा भाऊ आणि लॉजचा मास्टर, म्हणजे प्रमुख, सारखेच.

त्या तरुणाला मी फोन खिशात ठेवायला सांगितला. म्हटलं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मराठीत सांग. तो थांबला, विचार केला, आणि नीट सांगितलं. मग आम्ही दोघं वर गेलो.