जुनं मशीन घेताना आधी बीड बघा, मोटर नंतर

घरच्या वर्कशॉपसाठी जुना माल बघताना एक हिशेब डोक्यात पक्का हवा: काय बदलता येतं आणि काय नाही. पट्टा, बेअरिंग, स्विच, कॅपॅसिटर, ड्रिलची चक (बिट धरणारा भाग) हे सगळं बाजारात मिळतं, जळलेली मोटर रिवाइंड होते (आतली तार नव्याने गुंडाळता येते). तडकलेलं बीड (मशीनचं ओतीव लोखंड), वाकलेलं स्पिंडल (फिरणारा दांडा) आणि झिजलेला लेथ-बेड (लेथचा लांब पाया) मात्र घरी दुरुस्त होत नाही. त्यामुळे गंजलेलं, ग्रीस वाळून चिकटलेलं मशीन बिनधास्त बघावं. ताज्या रंगात चमकणारं दिसलं की जास्त वेळ घ्यावा.

सोबत न्यायचं सामान: टॉर्च, लोहचुंबक, छोटा गुण्या (काटकोन तपासायला), १० मिमीचा सरळ ग्राइंड केलेला रॉड, पातळ कागदाच्या पट्ट्या, जाड तारेचा तुकडा. डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं माप) आणि मॅग्नेटिक स्टँड असेल तर उत्तमच.

पहिली खरेदी बेंच व्हाइसची (टेबलावरच्या शिकंजाची) करावी, कारण चार इंची जुनी व्हाइस नीट निवडली तर आयुष्यभर पुरते. बोल्टची भोकं, बुडाचे कोपरे आणि सरकत्या जबड्याच्या मागची बाजू टॉर्चने तपासा. तडा तिथेच जातो, कारण लोक व्हाइसचा ऐरणीसारखा वापर करतात. सोनेरी रेघ दिसली तर ती पितळेची ब्रेझिंग, म्हणजे तडा पितळेने जोडलेला. रंग सगळीकडे गुळगुळीत आणि एका जागीच लोहचुंबक ढिला बसतोय, तर तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पुढे बघायची गरज नाही. मग जबडा पूर्ण उघडून पूर्ण बंद करा. हँडल उलट फिरवल्यावर पाव फेरा रिकामा गेला तर चालेल. जवळजवळ पूर्ण फेरा रिकामा जात असेल तर आतल्या नटचे आटे खाल्ले गेलेत. शेवटी जबड्याच्या दोन्ही टोकांना एकेक कागदाची पट्टी धरून आवळा. एक पट्टी घट्ट आणि दुसरी सहज निघते, याचा अर्थ जबडा तिरका झाला. जबड्याच्या पट्ट्या झिजल्या असतील तर काळजी नको, त्या दोन स्क्रूंवर असतात आणि बदलता येतात.

पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं ड्रिल मशीन) प्लग काढलेला असतानाच तपासावं. क्विल (स्पिंडलला घेऊन खाली-वर सरकणारी नळी) पूर्ण खाली ओढून चक आडवी हलवा आणि नेमकं काय हलतंय ते बघा. स्पिंडल क्विलच्या आत हलत असेल तर बेअरिंग गेलं, ते बदलता येतं. क्विलच बिडाच्या भोकात खुळखुळत असेल तर भोक झिजलंय. काही मशिनांच्या हेडला चीर आणि बोल्ट असतो, तो आवळून थोडा प्ले (ढिलेपणा) निघतो. तशी सोय नसेल तर सोडून द्या. नंतर रॉड चकमध्ये धरा, डायल लावा आणि पुली हाताने फिरवा. ०.०५ मिमीच्या आत आउट (फिरताना रॉडचं डगमगणं) असेल तर छान, ०.१ पर्यंत घरकामाला चालतं. जास्त आलं तरी लगेच नाक मुरडू नका. चक काढून डायल थेट स्पिंडलच्या टेपरवर (निमुळत्या भागावर) लावा. टेपर सरळ फिरला तर दोष चकचा किंवा तिच्या आर्बरचा (चक स्पिंडलला जोडणाऱ्या दांड्याचा), म्हणजे भाव पाडायला उत्तम मुद्दा. टेबल काटकोनात आहे का हे बघायला तार वाकवून चकमध्ये धरा आणि तिचं टोक टेबलावर गोल फिरवा. चारही बाजूंना सारखं टेकलं पाहिजे. टेबलाला पडलेली भोकं दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी.

कारखान्यातल्या मशीनला बहुतेकदा थ्री फेज मोटर असते, जी घरच्या सिंगल फेज विजेवर थेट चालत नाही, आणि म्हणूनच ते स्वस्त मिळतं. १ एचपीपर्यंत सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा ड्राइव्ह) लावून काम होतं, पण तो २३० व्होल्टच देतो, म्हणून ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली मोटर डेल्टात जोडावी लागते (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या आतल्या गुंडाळ्या जोडण्याच्या दोन पद्धती). त्यासाठी टर्मिनल बॉक्समध्ये सहा तारा हव्यात. तीनच असतील तर उरलेल्या तीन बाहेर काढण्याचं काम रिवाइंडिंगवाल्याकडून करून घ्यावं लागेल, तो खर्च धरूनच बोला. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ठेवू नये, चालू लोडवर तो फिरवला तर व्हीएफडी उडतो. सिंगल फेज मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने फिरवल्यावर सुरू होते, तर कॅपॅसिटर किंवा आतला सेंट्रिफ्युगल स्विच (वेग आल्यावर आपोआप सुटणारा) बघा.

लेथची एक कसोटी: कॅरेजचा (हत्यार घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचा) लॉक चकजवळ किंचित जड जाईल इतका आवळा आणि कॅरेज टेलस्टॉककडे (चकसमोरच्या टोकाकडे) न्या. तिकडे अडकली तर चककडचा बेड झिजलाय. बेंच ग्राइंडर घेतला तर जुनी चाकं टाकून नवी बसवा, त्यात काटकसर नको. हँड ग्राइंडर जुना घेण्यात काही मजा नाही.

माल कुठे? पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने, कानशी, रंधे, व्हाइस तिथे बघावेत. मोठ्या मशीनसाठी पुण्याजवळचं भोसरी, नाशिकचं सातपूर, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर इथे सीएनसीकडे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनांकडे) वळलेले छोटे कारखानदार गाठणं चांगलं, कारण तिथे मशीन चालू अवस्थेत बघता येतं. नंबर प्लेट घासून काढलेली असेल तर हात लावू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पावती मागाच, साध्या कागदावरची का होईना.

भाव करताना त्या दिवशीचा बिडाचा भंगार दर आधी माहीत करून घ्या. वजन गुणिले दर ही विकणाऱ्याची तळाची रेघ, त्याखाली तो येणार नाही. वरची मर्यादा तुमची: नव्याच्या निम्मी किंमत, वजा दुरुस्ती. दोष एकेक करून दाखवा, सगळे एकदम सांगितले की तो वैतागतो.

नेताना पिलर ड्रिलचं हेड, कॉलम आणि बूड वेगळं करा. जोडलेलं ड्रिल डोकेजड असतं, टेम्पोत हमखास आडवं होतं. घरी आल्यावर करंट देण्याआधी जुनी वायर काढून तीन तारांची नवी घाला आणि प्लगची जाड पिन ते मशीनची बॉडी मल्टिमीटरने तपासा. रीडिंग एक ओहमच्या वर गेलं तर अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून पुन्हा आवळा.