तुराटीच्या कोळशानं चित्राचा सराव

कोरा ड्रॉइंग पेपर समोर आला की हात आखडतो, चित्रापेक्षा खोडरबर जास्त चालतं आणि सराव आठवड्याभरात सुटतो. यावर तोड म्हणजे फुकटचं, भरपूर सामान. तुरीची मळणी झाली की तुराट्या पडलेल्याच असतात. त्यांचा कोळसा रेखाटनाला छान चालतो.

करंगळीहून बारीक, सरळ, खणखणीत वाळलेल्या तुराट्या घ्या. साल खरवडून बोटभर तुकडे करा आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात खच्चून भरा. डबा फवारणीच्या औषधाचा किंवा रंगाचा अजिबात नको. झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडा, नाहीतर आत कोंडलेल्या धुरानं झाकण उडतं. डबा अंगणातल्या चुलीच्या निखाऱ्यांत ठेवा. भोकातून येणारा धूर थांबला की सांडशीनं बाहेर काढा, भोकावर ओल्या मातीचा गोळा दाबा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. गरम कोळशाला हवा लागली की तो पेटतो, हाती राख उरते. कांडी मोडल्यावर आत तपकिरी दिसली तर ती कच्ची आहे. कागदावर नुसती ओरखडेल. पुन्हा भाजा.

कागद वर्तमानपत्राचा किंवा किराण्याचा खाकी. गुळगुळीत कॅलेंडर कोळसा धरत नाही.

बसायचं पंधरा-वीस मिनिटं, ऊन चढायच्या आत. आधी खांद्यापासून हात फिरवत मोठे गोल आणि लंबगोल काढा. मनगटावर काढलेला गोल चेपतो. मग गडवा जमिनीवर ठेवून काढा. मधोमध एक उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजू सारख्या. तोंडाच्या लंबगोलाला टोकं आली की गडवा पत्र्यातून कापल्यासारखा दिसतो. बुड सरळ रेघेनं काढायची चूक तर जवळपास सगळेच करतात. ते आपल्या नजरेच्या जास्त खाली असतं, म्हणून त्याची गोलाई तोंडाहून थोडी जास्तच हवी.

खरी मजा गोठ्यात. रवंथ करणारा बैल निवडा. शिंगं, डोळे यांपासून सुरुवात केली की धड कागदात मावत नाही. आधी वशिंडापासून शेपटीपर्यंतची पाठ एका रेघेत, मग पोट, मग पाय. तो हलला तर चित्र तिथंच सोडून शेजारी दुसरं सुरू करा. बैल थोड्या वेळानं त्याच पवित्र्यात परत येतो, तेव्हा पहिलं पुढे न्या. एका कागदावर आठ-दहा अर्धवट बैल जमले म्हणजे बैठक चांगली झाली. मोबाइलवरचा फोटो उतरवण्यात ही गंमत नाही, तो हलतच नाही.

संध्याकाळी तोच बैल न पाहता काढा. जिथं अडलं, बहुतेक मागच्या पायाच्या सांध्यात, तेवढंच सकाळी जाऊन नीट बघा. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांची स्मरणचित्राची तयारी यातच होते. फक्त परीक्षेच्या महिनाभर आधी कोळसा ठेवून पेन्सिल धरायला लावा.