आपल्या आमदाराने सभागृहात नेमकं कुठल्या बाजूने मत दिलं, हे कसं शोधायचं

निवडणूक जवळ आली की आमदारांचा कार्यअहवाल घरोघरी येतो, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, रस्ते गटारं सभामंडप व्यायामशाळा सगळं त्यात असतं, पण पाच वर्षांत विधानसभेत कुठल्या कायद्याला हो म्हटलं आणि कुठल्याला नाही याचं एक पानसुद्धा नसतं. विधिमंडळाचं पहिलं काम कायदे करणं, आणि नेमकी तीच माहिती आपल्याला कोणी आणून देत नाही, म्हणून ती आपणच काढायची. महाराष्ट्रापुरतं कसं काढायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की आपल्याकडे जवळपास सगळी विधेयकं आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, अनुकूल असणारे होय म्हणतात, प्रतिकूल असणारे नाही म्हणतात, अध्यक्ष कौल सांगतात आणि विधेयक मंजूर. यात कोण काय म्हणालं त्याची नावं कुठेच लिहिली जात नाहीत. संविधानाच्या कलम १८९ प्रमाणे निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो, पण मोजणी तेव्हाच होते जेव्हा कोणीतरी उभं राहून मतविभाजन, म्हणजे बाजूची आणि विरोधातली मतं प्रत्यक्ष मोजण्याची मागणी करतं. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजी मतदानानेच झाला होता आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्यामुळे "माझ्या आमदाराचा मतदानाचा तक्ता कुठे मिळेल" असं शोधायला गेलात तर हाताला फार काही लागणार नाही.

म्हणून सुरुवात आमदारापासून करू नका, विधेयकापासून करा. तुम्हाला ज्याची खरंच पर्वा आहे अशी चार-पाच विधेयकं निवडा, आरक्षण, शिक्षण, शेतजमीन, भाडेकरू, पोलिसांचे अधिकार, जे असेल ते. मग विधिमंडळ सचिवालयाच्या वेबसाइटवर (एमएलएस डॉट ओआरजी डॉट इन) जा. वर्ष आणि विधेयक क्रमांक हाताशी ठेवा, "सन अमुकचे विधानसभा विधेयक क्रमांक तमुक" अशीच नोंद असते, नुसत्या बातमीतल्या नावावरून शोधलं तर वेळ जातो. मग तीन तारखा लिहून काढा: कधी मांडलं, कधी चर्चा झाली, कधी मंजूर झालं. तिन्ही एक-दोन दिवसांतच आल्या तर ती गोष्ट पण लिहून ठेवा, कारण घाईत मंजूर झालेल्या विधेयकावर तुमचा आमदार बोलला का, आणि बोलायला वेळ मिळाला का, हे दोन्ही वेगळे प्रश्न आहेत.

तारीख मिळाली की त्या दिवसाच्या कामकाजाचं वृत्त वाचायचं. खरा माल इथे आहे. भाषणात सदस्याचं नाव असतं, कुठल्या खंडाला हरकत घेतली, कुठली दुरुस्ती सुचवली, ती स्वीकारली की फेटाळली, सभात्याग कधी केला, सगळं कळतं. उदाहरण घ्या, विशेष जनसुरक्षा विधेयक. जुलै २०२४ मध्ये मांडलं, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे दिलं, १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत विरोधकांच्या सभात्यागात मंजूर झालं. मतांचा आकडा कुठेच नाही. पण विधानसभेत माकपचे विनोद निकोले यांनी विरोध केला हे सगळ्यांना माहीत आहे, ते कशामुळे, तर ते उघड बोलले म्हणून. जो आमदार बाहेर पत्रकारांसमोर विरोध करतो आणि आत त्या दिवशी एक शब्द बोलत नाही, त्याच्या नावापुढे मी "सभागृहात विरोध नोंदवला नाही" असंच लिहितो, आणि मला ते न्याय्य वाटतं.

विधेयक समितीकडे गेलं असेल तर समितीचा अहवाल सोडू नका. शेवटी भिन्नमतपत्रिका जोडलेली असेल तर ती म्हणजे आमदाराने सही करून दिलेला विरोध, यापेक्षा पक्का पुरावा नाही. तुमचा आमदार त्या समितीवर होता आणि त्याने भिन्नमत दिलं नाही, तर ते पण कागदावर आहेच.

आता जिथे खरोखर मोजणी झाली ते प्रसंग. ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर १६९ मतं बाजूने पडली, चार सदस्य तटस्थ, विरोधात शून्य. शून्य कारण भाजपने सभात्याग केला होता. म्हणजे आकडा वाचताना "कोणाचाच विरोध नव्हता" असं समजलात तर पूर्ण उलटा अर्थ निघेल. ३ जुलै २०२२ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत १६४ विरुद्ध १०७ आणि दुसऱ्याच दिवशी शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९. एका रात्रीत विरोधकांची आठ मतं कमी झाली, काही आमदार उशिरा पोचले आणि दरवाजे बंद झाल्यामुळे बाहेरच राहिले. अशी शिरगणती झाली की प्रत्येक सदस्य उभा राहून नाव सांगतो, त्यामुळे तुमचा आमदार होता की नव्हता हे ठाम सांगता येतं. गैरहजेरी ही पण भूमिकाच समजा आणि कारण विचारा, आजारपण असेल तर तसं लिहा.

संविधानाचे विषय वेगळ्या पानावर ठेवा. लोकांना वाटतं घटनादुरुस्ती म्हणजे दिल्लीचं काम, पण कलम ३६८ प्रमाणे काही दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते आणि तिथे आपल्या आमदाराचा थेट संबंध येतो. जीएसटीच्या घटनादुरुस्तीला महाराष्ट्राने २९ ऑगस्ट २०१६ ला संमती दिली. जानेवारी २०२० मध्ये एक दिवसाचं अधिवेशन घेऊन अनुसूचित जाती-जमातींच्या राजकीय आरक्षणाला दहा वर्षं मुदतवाढ देणाऱ्या दुरुस्तीला संमती दिली. असे ठराव बहुतेक एकमताने होतात, तरी भाषणं वाचा, कारण एकमताच्या आत पण कोणी अट घातली, कोणी शंका काढली हे तिथेच दिसतं. मराठा आरक्षणाचं पण तसंच, २९ नोव्हेंबर २०१८ ला एकमताने, ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला, २० फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा १० टक्क्यांचा कायदा एकमताने. कोर्टात टिकण्याबद्दल दोन्ही वेळेला कोण काय बोललं हे शेजारी शेजारी ठेवून वाचा, आमदाराचा अभ्यास लगेच कळतो.

व्हिपबद्दल, म्हणजे कसं मत द्यायचं या पक्षाच्या आदेशाबद्दल थोडं, कारण याशिवाय मताचा अर्थ लावता येत नाही. दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा परवानगी न घेता मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२३ च्या निकालात सांगितलं की हा आदेश काढणारा प्रतोद कोण हे राजकीय पक्ष ठरवतो, विधिमंडळ पक्ष नाही. म्हणून प्रत्येक मोजलेल्या मताशेजारी "व्हिप होता / नव्हता" असा एक रकाना ठेवा. व्हिप असताना दिलेलं मत हे पक्षाचं मत आहे, आमदाराचं स्वतःचं मन बघायचं असेल तर ते अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेली) विधेयकं, अशासकीय ठराव, दुरुस्त्या आणि प्रश्न यांत बघावं लागतं, तिथे त्याला कोणी ढकललेलं नसतं.

प्रश्नांची नुसती संख्या मोजू नका. एकाच तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या) प्रश्नावर खूप सदस्यांची नावं असतात, त्यामुळे शंभर प्रश्न म्हणजे शंभर वेळा अभ्यास असं होत नाही. प्रश्न काय होता, उपप्रश्न स्वतः उभं राहून विचारला का, लक्षवेधी सूचनेवर (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) मंत्र्याकडून ठोस आश्वासन काढून घेतलं का, हे बघा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तर देतात, तेव्हा आमदार मंत्री असेल तर शून्यावरून त्याला आळशी ठरवू नका. मुंबईतल्या आमदारांसाठी प्रजा फाउंडेशनचं प्रगतीपुस्तक आहे, त्याचा वापर करा पण गुण बघून थांबू नका.

एक जागा अशी आहे जिथे शोधूनही काही मिळणार नाही. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार गुप्त मतदान करतात, तेव्हा "अमक्याने क्रॉस व्होटिंग केलं" अशी बातमी कितीही वेळा आली तरी ती तुमच्या नोंदीत खात्रीची म्हणून लिहू नका. राज्यसभेला २००३ पासून खुलं मतदान आहे, पण मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, आपल्याला नाही.

वेबसाइटवर वृत्त सापडलं नाही तर माहिती अधिकारात विधिमंडळ सचिवालयाकडे अर्ज करा. अर्जात एकच विषय ठेवा, तारीख, विधेयक क्रमांक लिहा आणि मागणी स्पष्ट करा: "या तारखेला झालेल्या मतविभाजनाची सदस्यनिहाय यादी आणि त्या चर्चेचं वृत्त". आमदाराने असं का केलं, असा प्रश्न माहिती अधिकारात विचारू नका, तो कागद नसतो आणि अर्ज तिथेच अडकतो. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, नाही आलं तर पहिलं अपील.

"का केलं" हे थेट आमदारालाच विचारा, लेखी. संपर्क कार्यालयात पत्र द्या, पोच घ्या, आणि एका पत्रात एकच विधेयक: तुम्ही हजर होता का, कुठल्या बाजूने होता, मतविभाजन मागितलं का. हा तिसरा प्रश्न नक्की विचारा, विरोधी पक्षाच्या आमदाराला तर जास्तच, कारण मतविभाजन मागणं त्यांच्या हातात असतं आणि त्यांनी ते मागितलं तरच आपल्याला नावं मिळतात. उत्तर आलं की ते तारखेसकट नोंदीत चिकटवा, नाही आलं तर पत्राची तारीख आणि "उत्तर नाही" एवढंच लिहा आणि पुढचं अधिवेशन संपलं की पुढच्या विधेयकावर पुन्हा पत्र द्या.