पुठ्ठ्याची भिंगरी

ठाण्यात पावसाने जोर धरला की तलावपाळीवरची फेरी चुकते आणि मुले घरात अडकतात. अशा दुपारी मिठाईच्या रिकाम्या खोक्यातून भिंगरी करावी. पुठ्ठ्यावर वाटी ठेवून सुमारे ८ सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ आखावे आणि मुलालाच कापू द्यावे. कड थोडी वाकडी झाली तरी आपण हात घालू नये. मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, एकमेकांपासून १ सेंटीमीटरवर, दोन छिद्रे मात्र मोठ्यांनी पाडावीत, कारण ती सरकली तर चकती डगमगते. त्यांतून १ मीटर लांबीचा जाड दोरा ओवून टोके एकत्र गाठावीत.

दोऱ्याचे फास दोन्ही हातांच्या बोटांत अडकवून, भिंगरी चेहऱ्यापासून लांब धरून, दोऱ्याला वीस-पंचवीस पीळ द्यावेत आणि मग तो ताणून लगेच सैल सोडावा: पीळ उलगडताना मिळालेला वेग चकतीला थांबू देत नाही, म्हणून दोरा उलट्या दिशेने आपोआप पुन्हा पिळला जातो.

खरी गंमत रंगांत आहे. अर्धी चकती निळी आणि अर्धी पिवळी रंगवून, फिरताना कोणता रंग दिसेल हे आधी मुलाला विचारावे. रंगपेटीच्या सवयीने ते हिरवा म्हणेल, पण दिसते ती करड्याकडे झुकणारी छटा. पुढच्या चकतीचे रंग त्यालाच ठरवू द्यावेत.