लांब नाकाच्या डॉल्फिनची कवटी काढायला निघताना

युऱ्हिनोडेल्फिनिडी हे मायोसीन काळात (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वी) नामशेष झालेलं लांब नाकाच्या डॉल्फिनांचं कुळ. त्यातल्या झायफिआसिटसची कवटी अमेरिकेत मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स या किनाऱ्यावरच्या कड्यांमध्ये मिळते, तिथल्यासाठी ही यादी.

जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. स्टेट पार्कात कड्याखाली जायलाच बंदी आहे, खणायचं तर नावच काढू नका. भरतीचं वेळापत्रक, हेल्मेट, पाणी. पाऊस पडून गेल्यावर किंवा बर्फ वितळताना जाऊ नका, कडा ढासळतो.

आता पिशव्या. जाड प्लास्टिकच्या, झिप असलेल्या, किमान वीस, आणि न पुसणारं मार्कर. कवटीच्या मागच्या भागाभोवतीची माती फेकायची नाही, सगळी पिशवीत. कारण या डॉल्फिनांच्या कानाची हाडं कवटीला पक्की जोडलेली नसतात, मांस कुजलं की गळून पडतात. पेरिओटिक, म्हणजे आतल्या कानाचं हाड, जेमतेम भुईमुगाच्या शेंगेएवढं, पण जात ओळखताना त्याचा मोठा आधार असतो. खणताना ते दगडासारखं दिसतं आणि फावड्याबरोबर जातं. म्हणून पिशव्या. डावी बाजू, उजवी बाजू वेगळी, आणि तसं पिशवीवर लिहायचं. लिहिलं नाही तर पिशवी असून नसल्यासारखीच.

कुंचले, बांबूच्या काड्या, लहान करणी. खालचा जबडा संपला म्हणजे नाक संपलं असं समजू नका. वरचं टोक त्याच्या पुढे जातं, तिथे दातही नसतात. त्यामुळे पुढे आणखी हातभर माती हळूच काढून पाहा, मगच चर मारा. हाड ओलं असेल तर अ‍ॅसिटोनमधलं पॅरालॉइड (हाड घट्ट करायची राळ) लावू नका, पांढरं पडतं. आधी सावलीत सुकू द्या.

प्लास्टर ऑफ पॅरिस, गोणपाटाच्या पट्ट्या, बादल्या दोन. हाडावर आधी ओल्या टिश्यूचा थर, नाहीतर प्लास्टर हाडालाच चिकटेल. नाकाच्या लांबीला लाकडी पट्टी बांधून घ्या; उलटवताना ते मधोमध मोडतं. आणि प्लास्टर करण्याआधी कानाजवळची माती भरली का? पिशव्या?

बाकी नेहमीचंच: फोटो, मोजपट्टी, दिशा, जीपीएस. उलटवायला चार माणसं. गाडीत खाली फोम. घरी प्लास्टर उघड्यावर सुकवा, गुंडाळून ठेवलं की बुरशी येते. माती मिलीमीटरभर भोकांच्या चाळणीतून पाण्याखाली चाळा.