कराराचं दुसरं पान

युनियनच्या कमिटीवर पहिल्यांदाच निवडून आलेल्यांसाठी हे लिहितोय. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, मागणीपत्र कसं देतात, गेट मीटिंग कशी लावतात, हे तुम्हाला ठाऊक असणार. मला एक गोष्ट ठाऊक नव्हती आणि तिची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याने मोजली, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मी इंदूरचा. आजोबा इथल्याच एका कापड मिलमध्ये साच्यावर होते. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघायला आम्ही रात्रभर रस्त्यात उभे असायचो आणि घरात संपाच्या, मोर्चांच्या गोष्टी चालायच्या. त्यामुळे वाटाघाटी म्हणजे धीर आणि आवाज, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. 2015 साली इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात मी कमिटीवर आलो, तेव्हा हे दोन्ही माझ्याकडे होतं.

आम्ही महिन्याला 7,000 रुपयांची पगारवाढ मागितली, मॅनेजमेंट 2,800 वरून सुरू झालं. सात महिन्यांनी 4,500 वर तोडगा निघाला: पहिल्या वर्षी 2,000, मग पुढची दोन वर्षं 1,250. गेटवर गुलाल उडाला, लोकांनी आम्हाला खांद्यावर घेतलं. करारावर माझीही सही आहे. पहिल्या पानावर 4,500 हा आकडा ठळक होता. दुसऱ्या पानावर एक तक्ता होता आणि तो मी नीट वाचला नाही. आकड्यांची बेरीज बरोबर आहे ना, एवढंच पाहिलं.

तक्ता असा होता: बेसिकमध्ये, म्हणजे मूळ पगारात, 700, विशेष भत्ता 2,300, हजेरी भत्ता 1,500. बेरीज 4,500. बरोबरच होती.

आता हे सावकाश वाचा. घाई वाटली तर दोनदा वाचा. पगाराचा एकूण आकडा महिन्याच्या शेवटी हातात येतो, पण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, एकूण आकड्यावर मिळत नाही. ती बेसिक आणि महागाई भत्त्यावर मिळते. हिशोब असा: शेवटचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. आमच्याकडे महागाई भत्ता बेसिकमध्येच धरलेला होता. पेंट शॉपमधले एक काका 2018 मध्ये, करार पूर्ण लागू झाल्यावर, 28 वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. त्यांचं बेसिक 9,200 चं 9,900 झालं होतं. ग्रॅच्युइटी मिळाली 1,59,923 रुपये. सगळे 4,500 बेसिकमध्ये गेले असते तर बेसिक 13,700 झालं असतं आणि ग्रॅच्युइटी 2,21,308. फरक 61,385 रुपयांचा. काका चेक घेऊन माझ्याकडे आले आणि विचारलं, "बेटा, पगार तर साडेचार हजारांनी वाढला होता ना?" त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मी त्या रात्री जेवलो नाही.

पीएफचंही तेच. 3,800 रुपये बेसिकबाहेर राहिले, म्हणजे त्यावरचे कंपनीचे 12 टक्के, महिन्याला 456 रुपये, माणसाच्या पीएफ आणि पेन्शनमध्ये जमा झालेच नाहीत. 13,700 हे बेसिक पीएफसाठीच्या 15,000 च्या पगारमर्यादेच्या आतच होतं, त्यामुळे मर्यादेचं कारणसुद्धा कंपनीला देता आलं नसतं. आणि हजेरी भत्ता? महिन्यात एक खाडा पडला की पूर्ण 1,500 गेले. पोरगं तापाने फणफणलं म्हणून घरी थांबलेल्या माणसाची पगारवाढ त्या महिन्यात 3,000 वर आली. आम्ही टेबलावर जिंकलेली रक्कम अशी तिसऱ्या पाळीत परत जात होती.

म्हणून बैठकीत "एकूण किती?" हा प्रश्न मॅनेजमेंटला विचारू द्या. तुम्ही विचारा, "बेसिकमध्ये किती?"

कायदा मधल्या काळात बदललाय. 28 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी पगारातच धरायचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्या व्याख्येप्रमाणे, पगारातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारात परत धरला जातो. याचा आधार जरूर घ्या, पण निम्मं मिळालं म्हणून खूश होऊन उठू नका. निम्मं कायद्यानेच दिलंय, त्यासाठी कमिटी लागत नाही.

संहितेतलं आणखी एक लक्षात ठेवा. एकाहून जास्त युनियन असतील तर 51 टक्के कामगार ज्या युनियनकडे, तीच वाटाघाटीला बसणार. कुणाकडेच तेवढे नसतील तर 20 टक्के किंवा जास्त असलेल्यांची परिषद बनते. म्हणून सभासदांचं रजिस्टर आणि वर्गणीच्या पावत्या जपा. संपाला आता सगळ्याच कारखान्यांत 14 दिवस आधी नोटीस लागते, आणि निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच. "सामूहिक सीएल (किरकोळ रजा) टाकू, नोटीस कशाला" असा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकून नोकरी घालवू नका.

करार आपापसात झाला तर तो सही करणाऱ्या पक्षांपुरता असतो. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोरच्या कार्यवाहीत झाला तर सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर भरती होणाऱ्यांनासुद्धा. आमचा आपापसातला होता. पुढचा आम्ही समेट अधिकाऱ्यासमोर केला. श्रमायुक्तांचं कार्यालय इंदूरमध्ये असलं तरी पीथमपूर धार जिल्ह्यात येतं, तेव्हा आपलं प्रकरण कुठल्या दारात जातं ते आधी विचारून घ्या.

आता मार्गदर्शकांबद्दल माझं मत, पटो न पटो. भाषण गाजवणारा नेता गेटवर हवा. टेबलावर तुमच्या शेजारी पगारपत्रकं बनवण्यात आयुष्य घालवलेला निवृत्त क्लार्क बसवा. मला असे एक काका इंदूरच्या रामबागेत भेटले. त्यांनी दोन संध्याकाळी पेन्सिलीने जे शिकवलं, ते मला सात महिन्यांत कुठल्याही पुढाऱ्याने शिकवलं नव्हतं. आणि शेजारच्या कारखान्याचं मागणीपत्र उतरवून नावं बदलायची, हा प्रकार बंद करा. त्यांचं बेसिक वेगळं, त्यांच्या लोकांची वयं वेगळी. पुढच्या पाच वर्षांत आपल्याकडचे किती जण निवृत्त होणार, ही यादी आधी काढा. बेसिकसाठी किती अडून बसायचं, ते त्या यादीवरून कळतं.

हुकुमचंद मिलच्या कामगारांचं उदाहरण आपल्या शहरासमोर आहे. मिल बंद पडून तीस वर्षं उलटल्यावर, 25 डिसेंबर 2023 ला सुमारे 224 कोटींची थकबाकी मार्गी लागली. कारखाना उद्या असेल किंवा नसेल, देणं किती ते ठरवताना कागदच काढले जातात.

पहिल्या बैठकीत तुमचे हात थरथरतील. थरथरू द्या, माझेही थरथरले होते. समोरच्यांकडे वकील असतो, कन्सल्टंट असतो, लॅपटॉपवर तयार तक्ते असतात. पण मसुद्याची प्रत मागून "दोन दिवसांनी सही करतो" म्हणण्यापासून तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. आमच्या वेळी रात्री साडेअकराला, समोर मिठाईचा डबा ठेवून, "आजच संपवू" म्हणाले आणि आम्ही संपवलं. तुम्ही डबा घ्या, प्रत घ्या आणि घरी जा.

2018 च्या करारात 5,400 मिळाले, त्यातले 3,600 बेसिकमध्ये. हजेरी भत्ता काढता आला नाही, फक्त पहिल्या खाड्याला पूर्ण न जाता 300 जातील एवढं करून घेतलं. सही झाल्यावर दुसरं पान घेऊन मी पेंट शॉपच्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला, मग वर्तमानपत्राच्या कडेला 26 ने भागाकार मांडून पाहिला.