मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने हरिहरेश्वरपर्यंत: भरती-ओहोटी बघून ट्रिप कशी आखायची

या रूटचा प्लॅन बहुतेक लोक हॉटेल बघून करतात, मी म्हणेन आधी कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. समुद्र कधी आत असेल नि कधी बाहेर, यावर तुमची अर्धी ट्रिप ठरते.

हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, साधारण तेवढ्या वाजता भरती. पंचमी असेल तर पावणेचारच्या आसपास भरती आणि त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे दहाच्या सुमारास ओहोटी. पुढे रोज हे गणित पाऊण-एक तासाने सरकतं. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी तशीच. हा अंदाज झाला, नक्की वेळ मोबाईलवर टाइड टेबलमध्ये बघा आणि तिथल्या माणसांनाही विचारा. दोन रात्री तीन दिवसांसाठी चतुर्थी-पंचमीला निघणं मला सगळ्यात बरं वाटतं, का ते पुढे कळेलच. सीझन ऑक्टोबर ते मार्च.

आता निघायचं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट पकडा, गाडीसकट तासाभरात पलीकडे, पेण-वडखळचा रस्ताच वाचतो. शनिवारच्या सकाळच्या फेऱ्या लवकर भरतात म्हणून बुकिंग आधीच करून ठेवा आणि धक्क्यावर वेळेच्या बरंच आधी पोहोचा, गाड्या आत चढवायला वेळ लागतो.

मांडव्याहून थेट अलिबाग. दहाच्या ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, पण पंचमीपर्यंत पाण्याचा जोर उतरायला लागलेला असतो, समुद्र अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाइतका मागे हटत नाही, त्यामुळे पाय भिजायची तयारी ठेवा आणि पाणी वाढायच्या आत परत या. आणि गाडी वाळूत घालू नका प्लीज! ओली वाळू वरून डांबरी रस्त्यासारखी कडक दिसते, पण गाडी थांबली की चाकं हळूहळू बसायला लागतात, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आणखी खोल जातात, आणि तोवर भरती लागलेली असते. मग बैल, ट्रॅक्टर, जेसीबी, जे मिळेल ते.

पुढे नागाव, रेवदंडा, पूल ओलांडून कोर्लई आणि मग काशीद. पांढरी वाळू, लांबलचक किनारा, पण काशीदचं पाणी फसवं आहे, उतार पटकन खोल जातो आणि इथे माणसं बुडालेली आहेत. चढत्या भरतीला, कडेकडेने, गुडघ्याएवढ्या पाण्यातच खेळा, ओहोटी लागली की बाहेर. पंचमीला दुपारी तुम्ही इथे असाल तेव्हा भरती चढत असते, म्हणून तर ती तिथी. मुक्काम मुरुडला करा, किनाऱ्यावरून समोर पद्मदुर्ग दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा, ऊन चढायच्या आत (पावसाळ्यात या होड्या बंद असतात). मग आगरदांड्याहून गाडी फेरीबोटीत घालून दिघी आणि तिथून दिवेआगर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या अक्षरशः झोपवल्या, पोफळीचं झाड उत्पन्न द्यायला कित्येक वर्षं घेतं, म्हणून माझं मनापासून सांगणं आहे की रिसॉर्टपेक्षा गावातल्या घरगुती राहण्याच्या सोयीला पैसे द्या. जेवण आणि उकडीचे मोदक आदल्या दिवशीच फोन करून सांगा, ऐनवेळी मिळत नाहीत.

तिसरा दिवस म्हणजे या ट्रिपचा जीव. दिवेआगर ते श्रीवर्धन, आरावी-कोंडिवली-शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की एका वळणावर डोंगर, दुसऱ्यावर थेट लाटा. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला येतो आणि रस्ता अरुंद, तेव्हा चालवता चालवता बघू नका, रुंद जागा दिसली की नीट कडेला घ्या आणि पोटभर बघा. घाई अजिबात नको, फक्त हरिहरेश्वरला अकराच्या आसपास पोहोचा. देवळामागून कातळाच्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेची वाट आहे, लाटांनी खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीत, हात लावून बघावी अशी. पण ही वाट फक्त ओहोटीची. सप्तमीला अकरा-साडेअकराला पाणी सगळ्यात खाली असतं. शेवाळावर पाय सरकतो, आणि फोटोसाठी टोकाला गेलेल्या माणसांना लाटेने ओढून नेलंय, तिथे लावलेल्या सूचना वाचा आणि पाळा. भरती असेल तर देवदर्शन करा आणि वाट सोडून द्या.

परतताना म्हसळा-माणगाववरून मुंबई. रविवारी संध्याकाळी माणगावात गाड्यांची रांगच रांग लागते, म्हणून श्रीवर्धनला जेवून एक-दीडपर्यंत निघालात तर बरं, नाहीतर सरळ सोमवारी पहाटे निघा.